आरव्हीत कोणती अवजारे ठेवावीत? निवडीची सविस्तर पद्धत

आरव्ही (रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे राहण्याची सोय असलेली प्रवासाची गाडी) म्हणजे एकाच चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, बसवलेली दोन वेगळी यंत्रे. खाली इंजिन, ब्रेक, चाके असलेली गाडी असते आणि वर पाणी, गॅस, वीज, दारे-खिडक्या असलेले घर असते. ही दोन्ही यंत्रे बहुधा वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या मापांच्या नट-बोल्टांनी जोडली जातात आणि रस्त्यावरचे हादरे दोघांनाही सारखेच बसतात. म्हणूनच गाडी दुरुस्त करणाऱ्याची पेटी येथे पुरी पडत नाही आणि घरातली खिळे-हातोड्याची पेटीही पुरी पडत नाही. बाजारात शे-दीडशे नगांची तयार पेटी मिळते. ती दिसते भरगच्च, पण तिच्यातले अर्धे सॉकेट आपल्या गाडीतल्या कोणत्याच नटाला बसत नाहीत आणि चाकाच्या नटाचे एक सॉकेट, जे खरोखर लागणार असते, तेच तिच्यात नसते. यासाठी निवडीची सुरुवात दुकानापासून न करता गाडीपासून करावी आणि प्रत्येक अवजाराला दोन प्रश्न विचारावेत: हे माझ्या गाडीतल्या नेमक्या कोणत्या भागाला लागते, आणि ते काम रस्त्याच्या कडेला मी स्वतः करणार आहे का? दोन्ही उत्तरे ठाम नसतील तर ते अवजार घरीच राहू द्यावे.

पहिली पायरी: गाडीची पाहणी

एक वही, एक पेन्सिल, चांगला टॉर्च आणि उधार आणलेला सॉकेटचा संच घेऊन गाडीभोवती आणि गाडीच्या आत सावकाश फिरावे. दिसेल त्या प्रत्येक नटावर, बोल्टवर आणि स्क्रूवर अवजार बसवून पाहावे, सैल मात्र करू नये, आणि बसलेले माप वहीत टिपावे. चाकांचे नट, बॅटरीच्या टर्मिनलचे नट, स्टेपनीची पकड, पाण्याच्या पंपाचे स्क्रू, वॉटर हीटरचा ड्रेन प्लग, ऑनिंगचे (गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराचे) ब्रॅकेट, स्टॅबिलायझर जॅकचे (उभी गाडी डुलू नये म्हणून खाली टेकवायच्या पायांचे) टोक, गॅस सिलिंडरची जोडणी, बाहेरच्या कप्प्यांच्या बिजागऱ्या, एवढी यादी तरी पूर्ण व्हावी.

या पाहणीत मापांचा घोळ हमखास समोर येतो. अमेरिकी बनावटीच्या अनेक गाड्यांत घराचा भाग इंचांच्या मापात आणि चेसिस मिलिमीटरच्या मापात असते. युरोपीय गाड्यांत जवळजवळ सगळेच मिलिमीटरमध्ये. काही मापे एकमेकांच्या इतकी जवळ असतात की एकाच पान्यावर काम भागते: १९ मिमी आणि पाऊण इंच (१९.०५ मिमी), किंवा ८ मिमी आणि ५/१६ इंच (७.९४ मिमी). परंतु १३ मिमीचा पाना अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिमीच्या नटावर सैल बसतो आणि गंजलेल्या नटावर जोर दिला की त्याचे कोपरे गोल करून टाकतो. अशा ठिकाणी दोन्ही मापे ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

स्क्रूंच्या डोक्यांकडेही असेच बारकाईने पाहावे. उत्तर अमेरिकेत बनलेल्या आरव्हीच्या कपाटांत आणि बाहेरच्या पट्ट्यांत चौकोनी खाचेचे स्क्रू फार असतात. कॅनडाच्या पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०९ मध्ये पेटंट घेतलेली ही खाच आहे आणि तिचे २ क्रमांकाचे माप सर्वांत जास्त आढळते. साध्या चौफुली स्क्रूड्रायव्हरने असा स्क्रू फिरवायचा प्रयत्न केला तर एक-दोन वेळा काम होते; तिसऱ्या वेळी खाच झिजते आणि मग तो स्क्रू ड्रिल करूनच काढावा लागतो. युरोपीय गाड्यांत टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्यासारखी) आणि पोझिड्राइव्ह डोकी अधिक दिसतात. पोझिड्राइव्ह वरकरणी साध्या चौफुलीसारखेच दिसते, पण त्याच्या खाचांमध्ये आणखी चार बारीक रेषा असतात आणि त्याला त्याचाच बिट लागतो. ही सगळी डोकी वहीत चित्रासह टिपली की आठ-दहा बिट आणि एक बिट-हँडल एवढ्यावर स्क्रूड्रायव्हरचा विषय जवळपास मिटतो.

भाड्याने घेतलेल्या आरव्हीसाठी ही पाहणी गाडी ताब्यात घेतानाच दहा-पंधरा मिनिटांत उरकावी. अशा वेळी दुरुस्तीचा अधिकार आपला नसतो, त्यामुळे टॉर्च, हवेचा गेज, मल्टिपर्पज पक्कड, बिटचा लहान संच, फ्यूज, चिकटपट्टी आणि हातमोजे एवढेच बरोबर ठेवणे योग्य होय.

दुसरी पायरी: आपल्या हाताची मर्यादा ठरवणे

यादी वाढवण्याआधी ती कोठे थांबते हे ठरवलेले बरे. गॅसच्या पक्क्या पाइपलाइनमधली गळती, रेग्युलेटरच्या आतला बिघाड, ब्रेक, स्टिअरिंग, एअर सस्पेन्शन आणि मुख्य विजेच्या पॅनेलची अंतर्गत जोडणी ही कामे प्रशिक्षित माणसाचीच आहेत. ॲब्झॉर्प्शन प्रकारच्या फ्रिजच्या मागच्या नळ्यांत अमोनिया आणि हायड्रोजन असतो. त्या नळ्यांना हात लावण्यासाठी कोणतेही अवजार पेटीत असण्याचे कारण नाही.

चाक बदलण्याबाबतही हाच विचार प्रामाणिकपणे करावा. व्हॅनवर बांधलेल्या कॅम्परचे चाक धडधाकट माणूस बदलू शकतो. साडेबावीस इंची रिम असलेल्या मोठ्या मोटरहोमचे चाक मात्र इतके जड असते आणि त्याचे नट इतक्या जोराने आवळलेले असतात की तेथे रस्त्यावरची मदत बोलावणे हाच शहाणपणा ठरतो. तशा गाडीत मोठा जॅक आणि लांब दांडा वागवण्यापेक्षा मदत-सेवेचा क्रमांक, गाडीची उंची, लांबी, वजन आणि टायरचे नेमके माप लिहिलेला कागद अधिक उपयोगी पडतो.

तिसरी पायरी: चाके आणि टायर

प्रवास थांबवणारा बिघाड बहुतेक वेळा येथेच होतो, म्हणून यादीतला मोठा वाटा या भागाला द्यावा.

सर्वांत आधी हवेचा गेज. साध्या मोटारीचे गेज बऱ्याचदा ६० पीएसआयपर्यंतच (पीएसआय आणि बार ही हवेच्या दाबाची एकके) मोजतात, तर व्हॅनवर बांधलेल्या अनेक कॅम्परच्या मागच्या टायरमध्ये ५.५ बार, म्हणजे सुमारे ८० पीएसआय हवा असते आणि मोठ्या मोटरहोममध्ये हा आकडा १०० च्या पुढेही जातो. गेजची मर्यादा आपल्या टायरच्या दाबापेक्षा किमान चौथाईने जास्त असावी. मागे जोडचाके असतील तर आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकाच्या भोकातून आत दिसतो आणि त्याचे तोंड बहुधा उलट दिशेला असते. तेथे सरळ तोंडाचा गेज पोचत नाही. यासाठी लांब दांड्याचा, पुढे आणि मागे अशी दोन तोंडे असलेला गेज मिळतो, तोच घ्यावा. हवा सकाळी, गाडी हलण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. चाललेल्या टायरचा वाढलेला दाब पाहून हवा काढणे चुकीचे आहे.

१२ व्होल्टचा कॉम्प्रेसर घेताना पाकिटावरच्या कमाल दाबाला फारसे महत्त्व देऊ नये. आपल्या टायरच्या दाबाला तो किती मिनिटे सलग चालतो आणि किती अँपिअर ओढतो, हे पाहावे. डॅशबोर्डवरच्या सॉकेटचा फ्यूज सर्वसाधारणपणे १० ते २० अँपिअरचा असतो. मोठे टायर भरणारा कॉम्प्रेसर याहून जास्त वीज मागतो, म्हणून तो थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडता येणारा असावा. गाडीच्या लांबीएवढा होस आहे ना, हेही मोजून घ्यावे. कॉम्प्रेसर पुढच्या चाकाशी पोचतो आणि मागच्या चाकापासून वावभर कमी पडतो, हा प्रकार फार सामान्य आहे.

अनेक नव्या कॅम्परमध्ये स्टेपनी नसते. तिच्या जागी द्रव सीलंटचा डबा दिलेला असतो. खिळ्याने पडलेल्या लहान भोकाला तो उपयोगी पडतो, टायरची बाजू फाटली तर नाही. ट्यूबलेस टायरला दोरीसारखे प्लग भरण्याचा संच हलका आणि स्वस्त असतो. मात्र ती जवळच्या टायरवाल्यापर्यंत जाण्याची सोय आहे, कायमची दुरुस्ती नव्हे.

चाक स्वतः बदलायचे ठरवले असेल तर पुढील वस्तू एकत्र ठेवाव्यात: नटाच्या मापाचे जाड भिंतीचे सहा कोपऱ्यांचे सॉकेट, सुमारे ६० सेंटिमीटर लांबीचा ब्रेकर बार (नट सैल करायचा मजबूत दांडा), टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना), जॅक, जॅकखाली ठेवायची जाड प्लायवुडची फळी आणि चाकांना लावायचे दोन ठोकळे. गाडीबरोबर येणारा आखूड पाना नट सैल करायला बहुधा अपुरा पडतो. ६० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकावर ३० किलो भार दिला तर नटावर सुमारे १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. २५ सेंटिमीटरच्या पान्यावर तेवढ्यासाठी ७० किलोंहून अधिक भार द्यावा लागेल. आवळलेला नट सोडवण्यासाठी टॉर्क रेंच वापरू नये, त्यामुळे त्याचे माप बिघडते. सोडवायला ब्रेकर बार आणि शेवटच्या आवळणीला टॉर्क रेंच, अशी वाटणी असावी. टॉर्कचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घेऊन रेंचच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावा, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. क्लिक होणारा रेंच ठेवून देताना त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी.

जॅकच्या बाबतीत वजनक्षमतेकडे सगळ्यांचे लक्ष जाते, उंचीकडे जात नाही. टायर बसला की जॅक लावायची जागा जमिनीच्या बरीच जवळ येते आणि मिटलेल्या अवस्थेतलाही उंच बॉटल जॅक तिच्याखाली शिरत नाही. म्हणून टायर बसल्यावर ती जागा किती खाली येईल याचा अंदाज घेऊन, त्याहून कमी उंचीचा आणि चाक पुरेसे उचलू शकेल एवढा वर येणारा जॅक निवडावा. मागच्या ॲक्सलवर दोन टन भार असेल तर एका बाजूला सुमारे एक टन येतो. तेथे तीन ते चार टनांचा जॅक पुरेसा सुरक्षित वाटतो. हायड्रॉलिक जॅक उभाच ठेवावा, आडवा ठेवल्यास तेल झिरपते आणि आत हवा शिरते. उभी गाडी स्थिर ठेवण्यासाठी दिलेले स्टॅबिलायझर चाक उचलण्यासाठी बनवलेले नसतात. आणि गाडी केवळ जॅकवर उभी असताना शरीराचा कोणताही भाग तिच्याखाली जाता कामा नये; या नियमाला घाईची सबब चालत नाही.

चौथी पायरी: विजेची तपासणी

घराच्या भागातल्या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये सापडते. सैल झालेले टर्मिनल, गंजलेली अर्थची जोडणी, उडालेला फ्यूज एवढ्यावरच बरेचसे निभावते, परंतु नेमके कोठे बिघडले हे कळण्यासाठी मल्टिमीटर हवा. माझ्या मते संपूर्ण पेटीत एकच अवजार चांगल्यातले घ्यायचे असेल तर ते हेच. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर परवडत असेल तर आणखी उत्तम. वायर न तोडता कोणते उपकरण किती वीज ओढते हे त्यावर दिसते.

मीटर घेतल्यावर काही आकडे लक्षात ठेवावेत. आराम मिळालेली, पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. चार्ज होत असताना साधारण १३.६ ते १४.४ दिसावेत, इंजिन किंवा चार्जर चालू असूनही १२.४ च दिसत असतील तर वीज बॅटरीपर्यंत पोचत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला हे कोष्टक लागू नाही. तिचा व्होल्टेज भरलेल्या अवस्थेपासून बरीच रिकामी होईपर्यंत १३ च्या आसपासच रेंगाळतो, त्यामुळे तिच्यासाठी शंट (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा जोड) असलेला बॅटरी मॉनिटरच विश्वासार्ह असतो.

मीटर कसा उपयोगी पडतो ते एका उदाहरणात पाहू. नळ उघडला, पंपाचा आवाज नाही. आधी फ्यूज पाहावा. तो ठीक असेल तर नळ उघडा आणि पंपाचे बटण चालू ठेवून मीटर डीसी व्होल्टवर लावावा आणि त्याची दोन्ही टोके पंपाच्या दोन तारांना टेकवावीत. १२ च्या वर आकडा आला तर वीज पोचते आहे आणि दोष पंपात किंवा त्याच्या प्रेशर स्विचमध्ये आहे. शून्य आला तर काळे टोक पंपावरून काढून चेसिसच्या स्वच्छ धातूला लावावे. आता १२ दिसले तर अर्थची तार तुटली आहे, अजूनही शून्यच असेल तर बटण किंवा त्यापर्यंत येणारी तार दोषी आहे. आणि पंप कण्हत असताना ८-९ व्होल्ट दिसत असतील तर मार्गात कोठेतरी जोडणी गंजलेली आहे. पाच मिनिटांच्या या तपासणीने नवा पंप विकत घेण्याचे टळू शकते. एक सावधगिरी मात्र पाळावी: लाल तार अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना टोके बॅटरीला लावली तर सरळ शॉर्टसर्किट होते, म्हणून प्रत्येक वेळी आधी भोक पाहावे आणि मग टोक टेकवावे.

मीटरसोबत वायर सोलण्याचे अवजार, रॅचेट असलेला क्रिम्पिंग प्लायर (जोडणी तारेवर दाबून बसवणारी पक्कड), उष्णतेने आकसणारे बट कनेक्टर (दोन तारा टोकाला टोक जोडणाऱ्या नळ्या) आणि दोन-तीन जाडीच्या तारांचे काही मीटर तुकडे ठेवावेत. कनेक्टरचे रंग जाडी सांगतात: लाल ०.५ ते १.५ चौरस मिमी, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६. चालत्या गाडीत सोल्डर केलेल्या तारेपेक्षा नीट क्रिम्प केलेली तार हादरे अधिक चांगले सोसते, त्यामुळे सोल्डरिंग आयर्न घरी राहिले तरी चालते. फ्यूज आपल्या गाडीत असलेल्या आकारांचेच घ्यावेत, कारण मिनी आणि स्टँडर्ड ब्लेड फ्यूज एकमेकांच्या जागी बसत नाहीत. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा हे रंग ओळखीचे करून घ्यावेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा फ्यूज बसवावा. दुसराही लगेच उडाला तर तिसरा लावण्याऐवजी शॉर्ट शोधावा.

मुख्य विजेच्या बाजूला, म्हणजे देशानुसार १२० किंवा २३० व्होल्टच्या बाजूला, आपले काम तपासणीपुरतेच असावे. बाहेरून वीज घेण्याआधी तेथील सॉकेटची जोडणी आणि अर्थ बरोबर आहे की नाही हे दाखवणारा प्लग-टेस्टर खिशात मावतो, तो अवश्य ठेवावा. बाहेरची केबल काढली म्हणजे घरातली सॉकेट मृत झाली, असे गृहीत धरू नये. इन्व्हर्टर चालू असेल तर तीच सॉकेट जिवंत राहतात आणि सौर पॅनेल दिवसा बॅटरीच्या बाजूला वीज पाठवतच राहते.

बॅटरी उतरली तर इंजिन सुरू करण्यासाठी जंप स्टार्टर (बरोबर नेता येणारा बॅटरीचा संच) हवा. तो इंजिनाच्या आकाराला पुरेल असा आणि गाडीच्या व्होल्टेजचा असावा, कारण काही मोठ्या गाड्या २४ व्होल्टवर चालतात. लिथियम जंप स्टार्टर तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवू नये. इंजिनाचा दिवा लागला तर ओबीडी-२ वाचक (गाडीच्या संगणकाला जोडायचे उपकरण) बिघाडाचा कोड सांगतो आणि गाडी हळू चालवत नेता येईल की जागीच थांबवावी, याचा निर्णय सोपा होतो. मात्र ट्रकच्या चेसिसवर बांधलेल्या मोठ्या मोटरहोममध्ये बहुधा वेगळा नऊ पिनांचा कनेक्टर असतो, म्हणून सॉकेट पाहूनच वाचक घ्यावा.

पाचवी पायरी: हाताची नेहमीची अवजारे

पाहणीची वही नीट भरली असेल तर हा भाग फार वेळ घेत नाही. टिपलेल्या मापांचे रिंग-आणि-उघड्या तोंडाचे पाने, ३/८ इंची रॅचेट आणि तेवढीच सॉकेट, एक एक्स्टेन्शन दांडा, ॲलन कीचा संच, एक मध्यम ॲडजस्टेबल पाना, साधी पक्कड, लांब नाकाची पक्कड, वॉटर पंप प्लायर आणि व्हाइस ग्रिप (घट्ट लॉक होणारी पक्कड). व्हाइस ग्रिपचे मोल विशेष आहे. कोपरे झिजलेला नट, तुटलेले हँडल, तात्पुरता धरून ठेवायचा पाइप अशा सगळ्या अडचणींत तो दुसरा हात बनतो. कटर-चाकू, लोखंड कापायची लहान करवत, मोजपट्टी, रबरी हातोडा आणि कपाळावर बांधायचा दिवा हेही हवेच. हातात धरायचा टॉर्च कितीही प्रखर असला तरी सिंकखाली डोके घालून दोन्ही हातांनी काम करताना त्याचा उपयोग नसतो.

कॉर्डलेस ड्रिल चैनीची वस्तू वाटते, पण कात्री-जॅकसारखे स्टॅबिलायझर वर-खाली करण्यासाठी सॉकेट अडॅप्टर लावून ते रोज वापरले जाते. त्याची बॅटरी आपल्या इतर यंत्रांच्या बॅटरीशी जुळणारी असावी आणि चार्जर गाडीतल्या इन्व्हर्टरवर चालतो याची खात्री आधीच करून घ्यावी.

अवजारांइतकेच जोडसामान महत्त्वाचे असते. वेगवेगळ्या लांबीचे केबल टाय, होस क्लिप, स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप, इन्सुलेशन टेप, दोन भाग मिसळायचे इपॉक्सी, जंग सोडवणारा स्प्रे, थोडी नरम तार आणि वहीत नोंदलेल्या मापांचे मूठभर नट-बोल्ट एका लहान डब्यात बसतात.

सहावी पायरी: पाणी आणि गॅस

पाण्याच्या बाजूला बहुतेक गळत्या वॉशर आणि जोडण्यांच्या असतात. होसचे जादा वॉशर, टेफ्लॉन टेप, आपल्या पाइपच्या मापाची एक-दोन पुश-फिट जोडणी आणि पाइप सरळ कापणारा कटर पुरतो. बाहेरच्या नळाला होस जोडताना दाब कमी करणारा रेग्युलेटर लावावा, कारण नगरपालिकेच्या किंवा कॅम्पग्राउंडच्या लाइनचा दाब कधीकधी आरव्हीच्या पाइपांना झेपत नाही. अनेक आरव्हींसाठी ४० ते ५० पीएसआय हा सोयीचा टप्पा मानला जातो. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी हाताने उघडते का, तिला पाना लागतो का, हेही एकदा पाहून ठेवावे.

वॉटर हीटरचा ड्रेन प्लग हा खास मापाचा मामला असतो. सबर्बन कंपनीच्या हीटरच्या पोलादी टाकीत अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी) असतो आणि त्याला १ १/१६ इंचाचे, म्हणजे २७ मिमीचे सॉकेट लागते; ॲल्युमिनियमच्या टाकीच्या हीटरमध्ये अॅनोड नसतो आणि प्लगचे माप वेगळे असते. तो प्लग प्रवासात काढण्याची वेळ येणार नसेल तर सॉकेट घरी ठेवले तरी चालेल. काढायचाच झाला तर हीटर बंद करून, पाणी पूर्ण थंड होऊ देऊन आणि दाब सोडूनच काढावा.

गॅससाठी सिलिंडरच्या जोडणीचा पाना आणि साबणाच्या पाण्याची स्प्रे-बाटली एवढेच पुरेसे आहे. अनेक सिलिंडरच्या जोडणीचे आटे उलटे असतात आणि नटाच्या कोपऱ्यांवर कोरलेल्या खाचा त्याची खूण असते. ही खूण न पाहता नेहमीच्या दिशेने सोडवायला गेल्यास नट अधिकच आवळला जातो. जोडल्यावर साबणाचे पाणी मारून बुडबुडे येतात का ते पाहावे. अमोनिया किंवा क्लोरीन असलेले क्लीनर यासाठी वापरू नये, कारण पितळेला त्यांनी तडे जाऊ शकतात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो फरशीलगत साचतो, म्हणून गळती आढळल्यास व्हॉल्व्ह बंद करून दारे उघडावीत आणि तेथून पुढचे काम तज्ज्ञावर सोपवावे.

सातवी पायरी: छप्पर, स्लाइड आणि ऑनिंग

पाऊस आत यायला लागला तर तो थांबवण्याची सोय तेवढी आपल्याजवळ असावी. छपराच्या प्रकाराला चालणारी सीलंटची एक नळी, ती दाबायची गन, प्लास्टिकची खरवडणी आणि रुंद चिकट दुरुस्ती-पट्टी पुरते. घरगुती सिलिकॉन छपरावर लावणे टाळावे. तो सुटला की त्याच्या अवशेषावर दुसरे कोणतेही सीलंट धड चिकटत नाही.

स्लाइड-आउट (गाडी उभी असताना जागा वाढवण्यासाठी बाहेर सरकणारा खोलीचा भाग) विजेने आत गेला नाही तर हाताने आत घेण्याची व्यवस्था बहुतेक गाड्यांत असते. तिचे टोक कोठे आहे आणि त्याला कोणता दांडा, ॲलन की किंवा सॉकेट लागते, हे पुस्तिकेत शोधून ते अवजार वेगळ्या रंगाची टेप गुंडाळून ठेवावे. बाहेर अडकलेल्या स्लाइडसह गाडी हलवता येत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे न लागणारे असले तरी हे अवजार यादीतून काढू नये.

आठवी पायरी: वजन आणि जागा

अवजारे लोखंडाची असतात आणि आरव्हीला वजनाची मर्यादा असते. युरोपात अनेक मोटरहोम ३,५०० किलोंच्या मर्यादेत नोंदवलेले असतात, कारण साध्या मोटारीच्या बी श्रेणीच्या परवान्यावर सर्वसाधारणपणे तेवढेच वजन चालवता येते. त्यांत पाणी, माणसे आणि सामान भरले की उरलेली क्षमता फारच थोडी असते. १०० लिटरच्या भरलेल्या टाकीचेच १०० किलो होतात. जमवलेली सगळी अवजारे एकदा वजनकाट्यावर ठेवावीत. व्हॅनसाठी १५ ते २० किलोंच्या आत, मोठ्या गाडीसाठी जॅकसह ३० च्या आसपास, हा माझा अंदाज आहे. आकडा याच्या बराच पुढे गेला तर वही पुन्हा उघडून प्रत्येक नगाला सुरुवातीचे दोन प्रश्न विचारावेत.

जड वस्तू खाली आणि दोन ॲक्सलच्या मधल्या कप्प्यात ठेवाव्यात. मागच्या ॲक्सलच्या बरेच मागे ठेवलेले वजन त्या ॲक्सलवर स्वतःपेक्षा जास्त भार टाकते आणि पुढची चाके हलकी करते. चाक बदलण्याचे सामान बाहेरून उघडणाऱ्या, शक्यतो रस्त्याच्या कडेच्या बाजूच्या कप्प्यात असावे, म्हणजे वाहतुकीकडे पाठ करून उभे राहावे लागत नाही. स्लाइड आत असतानाही तो कप्पा उघडतो ना, हे पाहून घ्यावे. मीटर, फ्यूज, बिट आणि टॉर्च मात्र घराच्या आत, दाराजवळच्या खणात ठेवावे, कारण रात्री पावसात दिवे गेले तर बाहेरचा कप्पा गाठणे नको वाटते.

लोखंडी पेटीपेक्षा कापडी गुंडाळी आरव्हीला अधिक मानवते. ती खडखडत नाही आणि वेड्यावाकड्या जागेत बसते. बाहेरच्या कप्प्यांत ओल राहते, म्हणून पान्यांवर तेलाचा पुसट हात फिरवून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

नववी पायरी: घराजवळच चाचणी

निघण्यापूर्वी सपाट, कडक जमिनीवर प्रत्येक चाकाचा एकेक नट फक्त आपल्या पेटीतल्या अवजारांनी सैल करून पुन्हा टॉर्क रेंचने आवळून पाहावा. जोडचाकांची आतली हवा मोजावी, कॉम्प्रेसर सर्वांत दूरच्या चाकाला लावावा, एक फ्यूज काढून बसवावा, स्लाइडच्या हाताच्या दांड्याला थोडी फिरकी द्यावी आणि पाण्याच्या पंपाची जाळी उघडून धुवावी. या तासाभरात जे अवजार शोधूनही सापडले नाही ते यादीत घालावे, आणि जे बसले नाही ते बदलावे. ज्यांना गाडी चालवता येते त्या सर्वांनी ही चाचणी करावी, कारण अवजार नेमके कोणत्या खणात आहे हे एकालाच ठाऊक असले की तो आजारी पडल्यावर पेटी असून नसल्यासारखी होते.

दर हंगामाच्या सुरुवातीला मीटरची आणि टॉर्चची बॅटरी बदलावी, सीलंट आणि इपॉक्सीच्या मुदती पाहाव्यात, टायर सीलंटच्या डब्यावरची तारीख तपासावी आणि जंप स्टार्टर पूर्ण चार्ज करावा. गाडीत नवे उपकरण बसवले, टायर किंवा रिम बदलली, तर त्याच दिवशी पाहणीच्या वहीत नवे माप लिहावे आणि जुन्या मापाचे सॉकेट पेटीतून काढून टाकावे.